वीस गुणांची दया

मैत्रिणींनो,

महाराष्ट्राचा शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ साली मंजूर झाला. शेकडो पानांच्या त्या आराखड्यातल्या एका तरतुदीवर वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ गुण मिळाले नाहीत, पण २० किंवा त्याहून जास्त मिळाले, तर त्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण म्हणायचे. मात्र गणित व विज्ञान यांवर आधारलेल्या पुढच्या अभ्यासक्रमांना त्याला प्रवेश घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. ज्याला हा शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे.

आराखड्यात ‘विद्यार्थी’ असा शब्द आहे. कायद्याच्या आणि परिपत्रकांच्या भाषेत तो सर्वांसाठीच असतो. पण ही सवलत ‘नको’ म्हणायला ज्याला पैसा, वेळ आणि घरच्यांचा पाठिंबा आहे तो विद्यार्थी कोण आणि मुकाट्याने ती घेणारी विद्यार्थिनी कोण, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय गणितावर. स्त्रियांच्या मासिकात गणित कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

पहिल्यांदा या तरतुदीच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रामाणिकपणे म्हणू. गणितात नापास होणे ही मुलाच्या आणि मुलीच्या आयुष्यात सारखी घटना नसते. मुलगा नापास झाला तर त्याला क्लास लावला जातो, पुन्हा फॉर्म भरला जातो; नाहीतर तो धाटावच्या एमआयडीसीत कुठेतरी हाताखाली लागतो आणि बाहेरून परीक्षा देत राहतो. मुलगी नापास झाली की घरात ‘आता पुरे’ हा शब्द उच्चारला जातो. रोह्याच्या आसपासच्या वाड्यांत, पेणच्या खारपट्टीतल्या गावांत, डोंगरावरच्या कातकरी वस्तीत हे सारखेच. एका विषयाने तिचे शिक्षण संपते आणि स्थळे पाहणे सुरू होते. २०१५ पासून निकालानंतर लगेचच फेरपरीक्षा घेण्याची सोय झाली, तिचा पुष्कळ मुलींना उपयोग झाला. पण फेरपरीक्षेच्या आधीचे दिवस हे भातलावणीचे दिवस असतात. अभ्यासाला बसायचे कोणी आणि कधी?

तेव्हा एका विषयापायी मुलीची शाळा सुटू नये, हा विचार आम्हाला पूर्ण मान्य आहे. तिला पास करा, आमची हरकत नाही. हरकत आहे ती शेऱ्याला.

कारण तो शेरा पुसता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या कागदावर सरकार लिहून देणार की ही पुढे गणिताच्या वाटेला जाणार नाही. आज दहावीला गणिताचे १०० गुण असे विभागलेले आहेत: बीजगणिताला ४०, भूमितीला ४० आणि शाळेने द्यायचे अंतर्गत २०. शाळा अंतर्गत गुण देताना हात आखडत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे एकूण २० गुण मिळवणारी मुलगी लेखी परीक्षेत जवळजवळ कोरा कागद देऊन आलेली असू शकते. दहा वर्षे शाळेत बसून तिच्या वाट्याला कोरा कागद आला, तर शेरा कोणावर मारायला हवा? तिच्यावर, की दहा वर्षे तिला शिकवणाऱ्या व्यवस्थेवर? आराखड्यातली तरतूद शाळेला मोकळी सोडते आणि मुलीला बांधून टाकते.

त्यातली विसंगतीही पाहा. याच २०२४ सालच्या जुलैमध्ये शासनाने निर्णय काढला की ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. फार चांगला निर्णय. स्त्री संघटनांनी त्याचे स्वागत केले. परंतु अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, औषधनिर्माण यांच्या दारापर्यंत जायची वाट दहावीच्या गणित-विज्ञानावरूनच जाते. एका हाताने मोठे दार फुकट उघडायचे आणि दुसऱ्या हाताने त्या दाराकडे जाणारा बोळ बंद करायचा, याला धोरण कसे म्हणावे?

ही दया नवी नाही, मैत्रिणींनो. मुलींना गणितातून सूट देण्याला आपल्याकडे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि ती सूट देणारे बहुतेक वेळा आपले हितचिंतकच होते. महर्षी कर्वे स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. विधवांसाठी, मुलींसाठी त्यांनी जे केले त्याचे ऋण आपण कधीच विसरणार नाही. पण त्या विद्यापीठाची आखणी करताना स्त्री ही मुख्यतः गृहिणी आणि माता, तेव्हा तिचे शिक्षण तिच्या वेगळ्या गरजांप्रमाणे असावे, हे धरूनच ते चालले. त्याआधी, १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलींना मुलांसारखेच विषय शिकवण्याला लोकमान्यांच्या पत्रांनी कडाडून विरोध केला होता. एक मित्र, एक विरोधक. मुलीला कोणते ज्ञान पुरे हे आपण ठरवायचे, याबद्दल मात्र दोघांचे दुमत नव्हते. अकरावीच्या जुन्या एसएससीच्या काळात बीजगणित-भूमिती सोडून सोपे अंकगणित घेतलेल्या आपल्या आया, मावश्या, आत्या अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांना विचारा, ‘तुम्ही ते का घेतलेत?’ बहुतेक जणी सांगतील, ‘घेतले कुठे? दिले.’

या दयेला पहिला स्पष्ट नकार एका समितीने दिला आणि तिच्या मागे आपल्या रायगडशी नाते असलेली एक बाई होती. नाते या गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख आपल्याला माहीत आहेत. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्याशी १९५३ साली विवाह केलेल्या दुर्गाबाई देशमुख आपल्याला तेवढ्या माहीत नसतात. त्या १९५८ साली नेमलेल्या राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या समितीच्या शिफारशीतून राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषद उभी राहिली आणि या परिषदेने मुला-मुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, हे तपासायला हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९६४ साली या समितीने सांगितले की लोकशाही समाजात मुलगा-मुलगी या भेदावरून अभ्यासक्रम वेगळा करण्याचे कारण नाही. पाठोपाठ १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे करावे असे म्हटले. शिवाय मुलींनी हे विषय घ्यावेत म्हणून आणि ते शिकवणाऱ्या शिक्षिका तयार व्हाव्यात म्हणून खास प्रयत्न करायला सांगितले. १९७५ साली दहा वर्षांच्या आकृतिबंधाची पहिली एसएससी परीक्षा झाली. पुढे ‘सामान्य गणित’ या नावाने सोपा पर्याय पुन्हा आला आणि नवा अभ्यासक्रम २०१७–१८ मध्ये नववीला व पुढच्या वर्षी दहावीला लागू झाला तेव्हा तो काढून टाकला गेला. आता २० गुणांच्या रूपाने तोच पाहुणा तिसऱ्यांदा दाराशी आला आहे.

आयोगाने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी सक्ती आली, खास प्रयत्न काही आले नाहीत. दुखणे तिथे आहे.

‘बायकांना हिशेब कळत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते म्हणणाऱ्यांच्या घरचा महिना कोण चालवते, हा प्रश्न त्यांना विचारायचा असतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत, हमरापूर-जोह्याच्या घराघरांत घासकाम आणि रंगकाम करणाऱ्या बायका नगावर मिळणाऱ्या मजुरीचा, लागणाऱ्या रंगाचा, भाद्रपदापर्यंत उरलेल्या दिवसांचा हिशेब डोक्यात करतात. बाजारात सुकी मासळी वाट्यावर विकणारी कोळीण नफा-तोटा कागदाशिवाय सांगते. भातलावणीला किती बाया लागतील, कुठले खाचर आधी उरकायचे, हे घरची बाईच ठरवते. आणि तरी शाळेच्या जुन्या अंकगणितांत काळ-काम-वेगाची उदाहरणे अशी असत की इतके पुरुष किंवा त्याहून अधिक स्त्रिया एक काम इतक्या दिवसांत करतात. म्हणजे बाईचे काम पुरुषापेक्षा कमी हे उदाहरण सोडवण्याआधीच गृहीत. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. शेतावरच्या मजुरीत मात्र ते जुने उदाहरण अजून सोडवले जाते.

पण बायकांच्या या तोंडी हिशेबाचे कौतुक करून थांबणे म्हणजे पुन्हा तीच दया. बाजाराचा हिशेब जमतो म्हणून शाळेचे गणित नको, हा युक्तिवाद आपल्या बाजूचा नाही. कारण आज बाईला ज्या गोष्टींशी झुंजायचे आहे त्या कागदावर असतात आणि त्यांचे गणित तोंडी पकडीत येत नाही.

बचत गटाचेच घ्या. गटातली एखादी बाई बाहेरच्या कंपनीकडून १२,००० रुपये १२ महिन्यांसाठी घेते. व्याज वर्षाला १२ टक्के. कंपनीचा माणूस म्हणतो, ‘१२ टक्क्यांनी १,४४० रुपये, भागिले १२, महिन्याला १२० रुपये व्याज आणि १,००० रुपये मुद्दल.’ ऐकायला सरळ. पण दर महिन्याला ती १,००० रुपये परत करते आहे. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे ११,००० उरतात, तिसऱ्यात १०,०००. उरलेल्या रकमेवरच व्याज लावले तर पहिल्या महिन्यात १२०, मग ११०, मग १००, असे उतरत शेवटी १० रुपये. यांची बेरीज होते ७८०. त्याच ‘१२ टक्के’ या शब्दात एकीकडे १,४४० आणि दुसरीकडे ७८० रुपये. ६६० रुपयांचा फरक, म्हणजे घरातल्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे. आणि १२०, ११०, १०० या संख्यांची बेरीज झटक्यात कशी करायची, ते दहावीच्या बीजगणितात ‘अंकगणिती श्रेढी’ या प्रकरणात दिलेले आहे. पहिली आणि शेवटची संख्या मिळवा, १३० येतात. त्याला १२ ने गुणा आणि निम्मे करा. हे प्रकरण आपल्या मुली पाठ करतात, सूत्र लिहून दोन गुण मिळवतात आणि विसरतात. हे सूत्र आपल्या आईच्या कर्जाचे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

रोजगार हमीच्या मातीकामाचेही तसेच. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खणले की १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. खोली सगळीकडे सारखी नसेल तर सरासरी कशी काढायची, टेप कुठे धरायचा, हे ज्या बाईला कळते तिची मजुरी सहजासहजी कापली जात नाही. सातबाऱ्यावरच्या हिश्श्याचेही तसेच. वडील मृत्युपत्र न करता गेले; त्यांच्या स्वतःच्या मिळकतीची जमीन ६० गुंठे; मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचा हिस्सा एक चतुर्थांश, १५ गुंठे. हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी तिने हा अपूर्णांक स्वतः मांडून पाहिला, तर निदान आपण काय सोडतो आहोत हे तिला कळेल. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. कायद्याने दिलेला हिस्सा शेवटी एक अपूर्णांक असतो आणि अपूर्णांक ज्याला येतो तो वाटणीला बसतो.

इथे एक सावधगिरी. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबवले आणि असंख्य घरांतली आयुष्यभराची पुंजी अडकली. बायकांनी पै-पै करून ठेवलेले पैसेही त्यात गेले. ‘यांना गणित आले असते तर फसल्या नसत्या’ असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. फसवणारे फसवतात म्हणून माणसे फसतात, आणि ज्यांना ताळेबंद वाचता येतो अशीही मंडळी तिथे फसली. गणित हे अन्यायावरचे ताईत नव्हे. ते एक हत्यार आहे. ज्याच्या हातात नसते त्याला नुसते हात जोडावे लागतात.

मग आपल्या मुली गणितात का अडखळतात? की अडखळतच नाहीत? दहावीच्या निकालात उत्तीर्ण होणाऱ्या मुलींचे प्रमाण वर्षानुवर्षे मुलांपेक्षा जास्त असते, ठळक मथळ्यात छापून येते आणि आपण खूश होतो. पण उत्तीर्ण होणे आणि गणित पुढे चालू ठेवणे यांत फार अंतर आहे. पास झालेल्या मुलीला अकरावीच्या फॉर्मवर ‘कला शाखा, जवळचे कॉलेज’ असे भरून दिले जाते. वाणिज्य घेतले तरी गणित सोडूनच. ते अवघड असते आणि त्याला क्लास लागतो. क्लास संध्याकाळी सुटतो आणि दिवेलागणीनंतर मुलीने वडखळ नाक्यावर किंवा रोहा स्टँडवर एसटीची वाट पाहायची नसते.

अडचणीची सुरुवात त्याहून खूप आधी होते. गणिताला सलग वेळ लागतो. इतिहासाचा एक धडा बुडाला तर पुढचा वाचता येतो. अपूर्णांक बुडाले तर शेकडेवारी जात नाही, शेकडेवारी गेली नाही तर व्याज जात नाही, आणि मग बीजगणिताच्या दाराशीच पाय अडतो. मुलींच्या दिवसाचे तुकडे पडलेले असतात. पाणी, धाकटे भावंड, भाकऱ्या, पाळीच्या दिवसांत शौचालयाच्या सोयीअभावी बुडालेली शाळा, लावणीचे आठ दिवस, गौरी-गणपतीचे पंधरा दिवस. कातकरी मुलीचे तर वर्षच मोडते: दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परत येते. तिथे विटा मोजल्या जातात त्या हजाराच्या हिशेबाने, आणि मजुरी वळते ती भट्टीमालकाकडून आधी घेतलेल्या उचलीत. ही मोजणी मालकाच्या वहीत असते. ती वही वाचता येण्याची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिचीच शाळा त्या वहीमुळे सुटते.

शिकवण्याच्या रीतीकडेही पाहायला हवे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली आणि केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत थट्टा पोचली. या बदलामागच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे साधे होते. लिहिताना आपण आधी २ लिहितो आणि मग १. बोलताना आधी ‘एक’ म्हणतो आणि मग ‘वीस’. ‘एकोणसाठ’ म्हणताना पाच आणि नऊ हे अंक ऐकूच येत नाहीत, त्यात जोडाक्षरांची भर. ज्या घरात पाठांतर करून घ्यायला कोणी नाही, त्या घरातले मूल इथेच घाबरते. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते, सोबतीला सोपी वाट दिली होती. या सुधारणेशी कोणी मतभेद जरूर दाखवावा. पण ज्यांची मुले सातव्या वर्षी शंभरपर्यंत सहज म्हणतात त्यांनीच सर्वांत मोठ्याने हसावे, हे आम्हाला बोचले. आगरी बोलणाऱ्या, कातकरी बोलणाऱ्या, घरी उर्दू बोलणाऱ्या मुलीसाठी कोणीतरी पहिल्या पायरीची उंची कमी करू पाहत होते, आणि आपण भाषेच्या अभिमानाचे झेंडे घेऊन उभे राहिलो.

मंगलाताईंचे आयुष्यही या विषयातला एक धडा आहे. १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.च्या गणित परीक्षेत त्या पहिल्या आल्या, कुलपतींचे सुवर्णपदक मिळवले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. मग लग्न, केंब्रिज, मुली, घर, वडीलधाऱ्यांची सेवा. पीएच.डी. झाली १९८१ साली, म्हणजे लग्नानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. पुढे त्यांनी मुंबई आणि पुणे विद्यापीठांत शिकवले, मुलांसाठी मराठीत ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके लिहिली, आणि २०२३ साली त्या गेल्या. स्त्री वैज्ञानिकांच्या आत्मकथनांच्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या २००८ सालच्या इंग्रजी संग्रहात त्यांनी स्वतःविषयी लिहिले आहे आणि घराला पहिले स्थान दिल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांची तक्रार नव्हती. आपण मात्र विचारायला हवे की सुवर्णपदक मिळवलेल्या किती मुलांना असे पंधरा वर्षे थांबावे लागते?

ज्या लीलावतीचे नाव त्या पुस्तकाला आहे तिची दंतकथाही ऐकण्यासारखी. घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, मुलगी अविवाहित राहिली, म्हणून भास्कराचार्यांनी तिच्या सांत्वनासाठी ११५० साली गणिताचा ग्रंथ लिहिला. खरे-खोटे कोण जाणे, पण कथा रचणाऱ्यांच्या मनातला हिशेब स्पष्ट आहे: मुलीला गणित द्यायचे ते लग्न झाले नाही तर!

मुलींच्या मेंदूलाच गणित जड जाते म्हणणारे अजून आहेत. मेंदूचे कारण असते तर फरक सगळ्या देशांत सारखा दिसला असता. तसा तो नाही. कुठे मुलगे पुढे, कुठे फरकच नाही, आणि २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत आइसलँडच्या मुली मुलांच्या पुढे होत्या. एमी नोथर या थोर गणितीला पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठात स्वतःच्या नावावर व्याख्याने देता येत नव्हती; ती हिल्बर्ट या पुरुष सहकाऱ्याच्या नावाने जाहीर होत. गणितातले फील्ड्स पदक १९३६ पासून दिले जाते. ते पहिल्यांदा एका स्त्रीला, इराणच्या मरियम मिर्झाखानीला, मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. अडथळे मेंदूत होते की विद्यापीठाच्या दाराशी, हे आपले आपण ठरवावे.

आणि हे फक्त पदकांचे नाही. तालुक्याच्या मुली गणित घेऊन पदवीपर्यंत गेल्या नाहीत तर तालुक्याच्या शाळांत गणिताच्या शिक्षिका येणार कुठून? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक सांगितला आहे. तिथे बाई दिसली, तर वर्गातल्या मुलीला ‘हे आपलेही काम आहे’ असे न सांगता कळते. आज दहावीत मारलेला शेरा दहा वर्षांनी दुसऱ्या एका मुलीच्या वर्गात रिकाम्या खुर्चीच्या रूपाने दिसणार आहे.

तर आमचे मागणे काय?

पहिले, २० गुणांवर उत्तीर्ण करायचे असेल तर करा, पण गुणपत्रिकेवर शेरा नको. पुढे गणित-विज्ञान घेऊ इच्छिणाऱ्या मुलीसाठी पूर्वतयारीचा वर्ग आणि चाचणी ठेवा. ती कोणत्याही वयात देता यावी, लग्न होऊन, मुले मोठी झाल्यावरसुद्धा. दुसरे, ही सवलत कोणी घेतली याची मोजणी मुलगे-मुली, जात, शाळेचे माध्यम आणि तालुका यांनुसार दरवर्षी जाहीर करा. सवलतीच्या नावाखाली कोणाला बाजूला सारले जाते ते आकडेच सांगतील. तिसरे, ज्या शाळेत पुष्कळ मुले २० च्या आसपास अडकतात त्या शाळेला गणिताचा शिक्षक द्या, शक्यतो शिक्षिका, आणि जादा तास शाळेच्या वेळेतच घ्या. चौथे, वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी भट्टीजवळ गणिताची साखळी तुटू न देणारी व्यवस्था हवी. नुसती हजेरीची कार्डे नकोत. पाचवे, परीक्षेत पाठ केलेल्या सिद्धतेपेक्षा विचार केलेल्या उत्तराला जास्त मोल द्या. व्याज, मोजमाप, हिस्सा, मजुरी यांची उदाहरणे पेपरात येऊ द्या आणि त्यात बाई काम करताना, जमीन घेताना, कर्ज फेडताना दिसू द्या.

नवा अभ्यासक्रम २०२५–२६ पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. म्हणजे बोलायला वेळ आहे, पण भरपूर नाही.

आणि सरकारकडे मागत असताना आपल्या घरात, आपल्या गटातही काही करायचे आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब अध्यक्षबाईंनी एकटीने मांडू नये. फळ्यावर सगळ्यांसमोर मांडावा आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना तो तपासायला सांगावा. मुलीला उदाहरण सुटत नसेल तेव्हा ‘जाऊ दे, मलाही गणित कधी आले नाही’ असे प्रेमाने म्हणायचे आपण सोडून देऊ. त्या वाक्यात माया असते, पण मुलगी त्यातून ‘आपल्यात हे नसतेच’ एवढेच उचलते. आणि अकरावीचा फॉर्म भरताना एकदा तरी तिला विचारू, ‘तुला काय घ्यायचे आहे?’ जवळचे कॉलेज कुठले, हा प्रश्न त्यानंतर.

तुमच्या शाळेत, तुमच्या वाडीत गणितापायी कोणाची शाळा सुटली, कोणी ती पुन्हा धरली, कोणत्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने वेगळे काही करून पाहिले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ही पत्रे छापू आणि आपल्या मागण्यांसोबत ती शिक्षण विभागाकडेही पाठवू.

आपल्या,
संपादक मंडळ